बिनकाठाची चादर

पूर्व भागात, पत्र्याखाली, चव्वेचाळीस अंश.
वीज गेली म्हणून माग गप्प.
नात शिरीषा धडा मोठ्याने वाचते :
कोळसा जळतो, वायू वर साचतात,
पृथ्वीला पांघरूण घालतात.

"कुणाच्या मागावरचं?" राजय्या गुर्रम विचारतात.
"सगळ्यांच्या, ताता. आपली वीजही त्यातच."
"काठ?"
ती पान उलटून बघते. काठ नाही.
"मग घडी कुठून घालायची?"

चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढे
चादर झटकून ते एकच बोलत आले :
घ्या, ऊब सोडणार नाही.

रात्री दारावर ओली चादर टांगली.
दोनच्या सुमारास बोट लावलं :
कोरडी, कडक, खळ दिल्यासारखी.
ऊन कधीच उतरलं होतं.
ऊब
जायला तयार नव्हती.