मागच्या भिंतीला दार

निवृत्तीच्या पैशातून मी काय मागितलं,
तर मागच्या भिंतीला एक दार.
सरकतं, काचेचं, पार फरशीपर्यंत.
शेवगा, धुण्याचा दगड, हौदावर येणारी खार
जेवताना दिसावी, एवढंच.
भाऊ म्हणाला, पश्चिमेला काच? मे महिन्यात भाजून निघशील.
जसं काही मी परभणीत कालच उतरले.

पहिला आला गाडीतून, टॅबवर चित्रं घेऊन.
चित्रांतल्या सगळ्या दारांबाहेर समुद्र होता.
"हार्डवेअर जर्मन आहे, मॅडम."
मला हसू आवरेना.
तो पुण्याचा, त्याला काय ठाऊक
की जगात जर्मनी म्हटलं
की पुढचं आम्ही पाळण्यातच शिकतो.

दुसऱ्यानं फोनवरच भाव सांगितला, चौरस फुटाला,
आणि दर दोन दिवसांनी आपणहून उतरवला.
माप घेतलं नव्हतं. घासाघीस मी केलीच नव्हती.
स्वस्त होत चाललेल्या त्या दाराची
मला भीतीच वाटायला लागली.

एकतीस वर्षं मी बियाणं तपासलं.
ज्वारीचे शंभर दाणे ओल्या कागदात,
दहाव्या दिवशी कोंब मोजायचे,
पिशवीवर काय छापलंय ते सगळ्यात शेवटी वाचायचं.
दाराला कोंब येत नाहीत.
म्हणून तिसऱ्याला, जिंतूर रोडच्या मुजीबभाईला विचारलं,
तुमचं सगळ्यात जुनं दार कुठंय?

त्यानं ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर घेतला.
"आपा, लोगां तो नयाच देखते."
मग पावतीच्या मागं लिहून दिलं:
खिल्लारे, वसमत रोड, टाकीच्या मागं. नऊ साल.

खिल्लारेबाईंना आधी मी एलआयसीवाली वाटले.
मग चहा टाकला,
आणि एका बोटानं दार सरकवून दाखवलं.
आवाज नाही. रबर शाबूत.
खाचेत धूळसुद्धा नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढतात म्हणे.

बाहेर भिंत होती.
हातभर अंतरावर, बिनगिलाव्याची, शेजाऱ्याची.
विटांच्या सांध्यांतून ओघळून वाळलेलं सिमेंट,
खाली फटीत कुणाची तरी एकच चप्पल.
"दार चांगलंय हो," त्या म्हणाल्या.
"आधी इथून थेट रेल्वेपर्यंत तूर दिसायची."
मग उघडता कशाला?
"रोज सकाळी एकदा. नाहीतर रोलर धरून बसतात."
त्यांनी ते लावलं, पुन्हा उघडलं,
मला नीट कळावं म्हणून.

रिक्षात मी उगाच हिशेब करत राहिले.
माझ्या शेवग्यापलीकडे तेरा गुंठे मोकळे आहेत.
गेल्या दिवाळीत त्यांच्यावर चुन्याच्या रेघा पडल्या.
मुजीबभाई रोलरची हमी देतो दहा वर्षं,
काचेची पाच,
बिजागरी नाहीच, म्हणून तिची नाही.
रेघांचं त्याला काय विचारणार.

तरी विचारलं.
मापं घ्यायला आला तेव्हा, परसात उभं करून.
त्यानं टेप गुंडाळली, पलीकडे बघितलं बराच वेळ.
"मगरिब की बाजू है, आपा.
दीवार आई तो छाँव तो पडेगी."
धंद्यातला माणूस. पण खोटं बोलला असं नाही म्हणता येत.

बयाणा दिला, सात हजार.
आतल्या भिंतीवर त्यानं खडूनं चौकट आखली,
सहा फूट बाय पावणेसात,
जाताना एका कोपऱ्याला अंगठ्यानं पुसून पुन्हा सरळ केली.

दहावा दिवस उलटला. दार अजून यायचंय.
रात्री ताट घेऊन मी त्या रेघांसमोर बसते.
भाऊ विचारतो, भिंतीत काय दिसतंय एवढं?
खार, मी म्हणते.
आत्ताच गेली हौदावरून.