बारा नंबर

कळंबच्या मैदानावर पहाटे साडेपाचला
फक्की ओढायचं काम माझ्याकडं.
नऊ जणी खेळणाऱ्या, तीन राखीव,
आणि राखीवातलीही मी शेवटची,
म्हणून फक्की, पाण्याचा कॅन, निकॅपची पिशवी,
सगळं बारा नंबरच्या खांद्यावर.

काळदाते सर उकिडवे बसून एका डोळ्यानं बघतात:
"ही रेघ हाय का बैल मुतलाय?"

बाबांचं पंक्चरचं दुकान ढोकी रोडला.
ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबची लांब पट्टी
त्यांनीच कापून दिली.
एक टोक माझ्या कमरेला, एक विजेच्या खांबाला,
आणि मी पळते,
पळते आणि तिथंच राहते.
हवा भरायला थांबलेला एखादा विचारतो,
"पोरगी बांधून घातली का काय, उस्ताद?"
बाबा टबातल्या पाण्यात बुडबुडा शोधत असतात.
"सोडल्यावर कळंल," म्हणतात.

खो-खोत बसणं केवढं असतं
ते बघणाऱ्याला दिसत नाही.
चौकोनात दबून, टाच उचललेली, बोटं मातीत,
आणि पाठ मागच्या सगळ्यांच्या हवाली.
मला आता पावलांवरून माणूस कळतं.
शबाना टाचेवर वळते, मुरूम करकरतो.
ज्योत्स्ना दमली की तोंडानं आकडे मोजते.
आम्रपालीताईचं मात्र काहीच ऐकू येत नाही.
एकदम मणक्यावर थाप, "खो!"
मी उठून दोन पावलं जाईस्तोवर
ती माझ्या जागेवर बसलेलीसुद्धा असते,
जणू सकाळपासून तिथंच होती.

खो यायच्या आधी उठायचं नाही.
मी उठले होते.
जालन्याला, ज्युनिअरला, शेवटच्या मिनिटाला.
शिट्टी झाली, एका गुणानं गेलो.
परतीच्या गाडीत कुणी रागावलं नाही,
उलट मला खिडकीची जागा दिली.
ती खिडकी अजून छातीवर आहे.

बुधवारी सरावात खांबापाशी सूर मारला.
शबाना गेली, माझं कोपराचं कातडंही गेलं.
सरांनी खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं.
पाणी द्यायच्या निमित्तानं मी डोकावले.
"मुरूम, दोन ब्रास" असं लिहिलं होतं.

जागा एकच हलण्यासारखी आहे, हे सगळ्यांना माहीत.
बोलत कुणी नाही.
आम्रपालीताई एकतीस वर्षांची,
एसटी डेपोत हजेरीची वही सांभाळते,
उजवा गुडघा थंडीत कुरकुरतो.
मला सूर मारायला तिनंच शिकवलं,
आधी दुकानातल्या गोणपाटावर, मग मातीवर.

काल सांजच्याला ती पट्टी बांधत होती,
एक टोक माझ्या हातात.
"तुझा डावा खांदा आधी बोलतोय बघ.
तोंडानं गप, खांद्यानं गावभर सांगतीस
कुणीकडं जाणार ते."
मी म्हणलं, ताई, उद्या धाराशिवला
तू पळणाऱ्यांत आहेस, मी धरणाऱ्यांत.
"मग? मी काय सोडणाराय तुला?"
जरा वेळानं, पट्टीकडंच बघत,
"सोडलेलं घिऊ नको कधी. पुरत न्हाई."
टोक मी आत खोचलं.
नीट बसलं का, म्हणून दोनदा दाबून पाहिलं.

धाराशिवची रेघ वाकडी निघाली.
कुणीतरी दुसऱ्या बारा नंबरनं ओढलेली असणार.
पायानं सरळ करावी वाटली, केली नाही.
सहाव्या चौकोनात बसले.
निवड समितीच्या खुर्च्या माझ्या पाठीमागं,
बरं झालं.

करकर आली, गेली.
आकडे आले, गेले.
मग थाप पडली, आणि तो शब्द.
कुणाचा हात होता कळलं नाही,
मागं बघायची सोय नसते.
समोर ताई, खांबाकडं निघालेली,
गुडघ्यामागं पट्टीचं टोक लोंबत होतं.

मी खांदा गप्प ठेवला.