सव्वातीन एकर

तीस वर्षं मी लोकांच्या वावरांवर साखळी ओढली.
धुरा कुणाचा, पांदण कुणाची,
मी बोट दाखवलं की भांडण मिटायचं
नाहीतर पेटायचं.
आता हे माझं सव्वातीन एकर, चिचटोल्याच्या पल्याड,
जिथे रस्त्याची गायवाट होते
आणि गायवाटही पुढे जायचं टाळते.

घेतलं तेव्हा इथे जंगल नव्हतं,
जंगलाच्या जागी रायमुनिया होती.
डोक्याहून उंच, बारमाही फुललेली,
लांबून पाहावं तर लग्नघर,
आणि खाली गवताचं एक पातं नाही.

रैनूबाई कुमरेनं पहिल्याच दिवशी
माझ्या हातातला विळा काढून घेतला.
"काटजो नोको, भाऊ. काटली का दुप्पट येते.
जमिनीत ओल हाय तवर बुडाखाली कुदळ घाल,
न उलटी करून झाडाले टांग.
मुळाले माती दिसू देऊ नोको."

दोन हिवाळे आम्ही टांगत राहिलो.
धावड्याच्या फांद्यांवर पाय वर केलेली झुडपं.
पोरानं पुण्याहून विचारलं, घर कुठवर आलं?
म्हटलं, अजून जागेला विचारतोय.
तो हसला.
मी थट्टा करत नव्हतो.

नकाशा मीच काढला होता,
वीस बाय तीस, काटकोनात, तोंड पूर्वेला.
पूर्वेच्या खुंटीवर वारूळ निघालं.
देवाजी मिस्त्री म्हणाला, फोडू, अर्ध्या तासाचं काम.
रैनूबाई विडी विझवत म्हणाली,
"उन्हाळ्यात अस्वल येते इथं, उधई खाले.
हे फोडान, तं मंग ते तुमचं दार पाहीन."
खुंटी अकरा फूट सरकवली.
तिथे येनाच्या मुळ्या आडव्या. आणखी चार.
शेवटी घर असं झालं
की माझ्याच खात्यातला कुणी मोजायला आला
तर कागद फाडून परत जाईल.

भिंती कुडाच्या. बांबू आणायचा
तर डेपो, डेपोत साहेब, साहेब दौऱ्यावर.
आणि समोर दोन वर्षं वाळलेली रायमुनिया.
तीच विणली. काट्यांनी पंजे फाटले.
वरून बोडीतला काळा गाळ, तणस, शेण.
पाटीमागून पाटी.
बोडी जेवढी खोल गेली तेवढी भिंत वर आली.
आयुष्यात हा एकच हिशेब
मी दोन्हीकडून जुळलेला पाहिला.

मग कुसळ आलं. लोकांना नकोसं,
मला इतकं हवंसं की धोतराला टोचलेलं
मी दिवसभर काढलं नाही.
आम्ही लावलेल्या चाळीस रोपांतली सात जगली.
वारुळामागे, जुन्या विष्ठेतून,
तेंदूची रोपं उठली, कुणी न लावलेली.
संध्याकाळी मोजायला बसलो.
एकशे बारावर रातवा ओरडला, आणि मी विसरलो.

ओट्यावर सोलरचा दिवा लावला होता.
चार रात्री रातवा गप्प.
पाचव्या रात्री दिवा काढला.
आता लघवीला उठलो की ठेचकाळतो,
शिवी देतो, आणि ऐकतो.

गेल्या भादव्यात
चुलीमागच्या भिंतीतून दोन पानं बाहेर आली.
चुरगाळून पाहिली. तोच उग्र वास.
एक काडी पुरती वाळली नव्हती,
आणि आम्हीच तिला मातीचं तोंड दाखवलं होतं.
रैनूबाई दारात उभी राहून खूप हसली,
हसता हसता खोकली,
"उपट ना आता. उपट. भित पडते का नाही पाय."

उपटली नाही.
रोज चहाआधी भिंतीवरून हात फिरवतो,
फुटवा लागला की खुडतो,
चुलीत टाकतो.

बाहेर वारुळाची माती
कधी कधी ताजी उकरलेली असते.
पंज्याच्या खुणा दाराकडे वळलेल्या नसतात.
अजून तरी नाहीत.