चिंचोका

आमच्या सहा नंबरच्या खोलीतलं गर्भाशय
प्लास्टिकचं आहे, फिकट गुलाबी.
डावं अंडाशय कुणाच्या तरी पोराने नेलं खेळायला,
तिथे मी फेव्हिकॉलने चिंचोका चिकटवलाय.
अर्ध्या भांडुपातल्या बायकांना
आता वाटत असेल की अंडाशय
तपकिरी असतं आणि चकचकीत.
एवढा एक गैरसमज माझ्या नावावर.

बाकीचे त्या घरून आणतात,
केसपेपरच्या घडीत घालून.
तांबी वर चढते म्हणे, काळजापर्यंत.
शमशाद म्हणाली, नणंदेच्या जावेची
थेट घशाशी आली होती, खोकताना.
मी गर्भाशय उघडून दाखवते :
ही बघ खोली. इथून काळजाकडे जिना नाही.
दहा बाय दहात सातजणांत राहणारी ती
वाकून बघते. एवढीशी जागा?
यात मूल मावतं?
मावतं गं. वाढत जाते ती.
या शहरातली तेवढी एकच जागा,
जी पागडी न देता वाढते.

भायखळ्याच्या भाजीबाजारात गोण्या उचलणारा
बबन ढवळे खुर्चीच्या कडेवर टेकला.
नसबंदीनंतर वजन उचलता येईल ना?
येईल, थोड्या दिवसांनी.
मग आवाज उतरवून : आणि... बाकीचं?
बाकीचं बाकीच राहतं, मी म्हटलं.
त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला,
खांदे मात्र हसत होते.
फक्त तीन महिने निरोध, मग तपासणी,
तपासणीआधी बेफिकीर व्हायचं नाही.
चावीवाला पाणी बंद करून गेला
तरी पाइपातलं उरलेलं येतंच ना नळाला?
हे त्याला लगेच पटलं.
आमच्या टेकडीवर
पाण्याचं उदाहरण कुणालाही पटतं.

एक मुलगी आली, कॉलेजची बॅग छातीशी धरून.
पहिल्याच वेळी राहत नाही ना?
मैत्रीण विचारतेय.
मैत्रिणीने तिच्याच चपला घातल्या होत्या,
एका पायाचा अंगठा दुसऱ्यावर दाबून.
राहू शकतं, म्हटलं. बस. पाणी पी.
कधीची गोष्ट, तेवढं मैत्रिणीला विचारून सांग.

आणि सासवा. सुनेची फाइल
पाच वर्षांच्या रिपोर्टांनी फुगलेली,
मुलाचा एक कागद नाही त्यात.
त्याला काय धाड भरलीय, म्हणतात.
मी छोटी डबी पुढे सरकवते.
डबी टेबलावरच राहते. कधीकधी
दुपारी त्यात मी बडीशेप ठेवते.

गुरुवारी तेजल घाडी आली. दहाव्या आठवड्यात गेलेलं.
जाऊबाई म्हणते, हंडा घेऊन चढलीस म्हणून.
मी नेहमीचं बोलले, पंधरा वर्षं बोलतेय ते :
हंड्याने नाही जात गं.
बहुतेक वेळा बीजातच हिशेब चुकलेला असतो,
तुझ्या हातून काही झालेलं नाही.

तुमचं गेलंय कधी?

हे कुणी विचारत नाही.
हो, म्हटलं.
कशाने?
आणि माझ्याच तोंडून, माझ्याच खुर्चीवरून :
सिलिंडर ओढला होता मी. भरलेला.
दारापासून ओट्यापर्यंत. सहा पावलं.

पंखा तेवढा बोलत होता.
तेजलने प्लास्टिकचं गर्भाशय उचललं,
सुटायला आलेला चिंचोका अंगठ्याने दाबला,
दाबून धरला बराच वेळ.
मॅडम, म्हणाली, सिलिंडरने नाही जात.

शनिवारी घरी गॅसवाला आला.
आत ठेवू का, काकी?
ठेव रे बाबा, तूच ठेव.
मी भिंतीला टेकून
त्याची पावलं मोजली.
चार. त्याची ढांग मोठी.