घडी

गुमी शहरात, नाकदोंग नदीच्या अलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर मी रात्रपाळीला असतो.
समोर बारा फोन, बारा पोलादी पंजांत.
पंजे मिटतात, उघडतात, मिटतात,
दोन लाख वेळा.
कोणीच हॅलो म्हणत नाही.

मी ग्वाक दोक-सू, वय एकोणसाठ,
निवृत्त करून परत बोलावलेला,
कारण जुने झाकणाचे फोन मीच तपासायचो.
ते खट्‌कन मिटायचे. भांडण संपवायला बरे होते.
आता काचेवर बोट टेकवून संपवतात,
आवाज होत नाही,
म्हणून बहुधा संपतही नाही.

ही काच केसाहून पातळ.
वितळलेल्या क्षारात तिला बुडवून ठेवतात.
आतले लहान कण निघून जातात,
त्यांच्या जागी मोठे घुसतात, दाटीवाटीनं बसतात,
आणि त्या दाटीचंच बळ होतं.
हे मी घरी सांगितलं तेव्हा मल-सुन म्हणाली,
म्हणजे आपलं लग्नानंतरचं घर.
दोन खोल्या, सात माणसं.
बळाचं ती काही बोलली नाही.

बिजागरी शी-उनची. एकतीस वर्षांची पोरगी,
कानात पेन्सिल खोचून हिंडते.
मी विचारलं, पडदा पुरता सपाट का मिटत नाहीस?
म्हणाली, सपाट दाबलं की तडकतं, काका.
आत थेंबाएवढी पोकळी सोडायची.
बाहेरून कळत नाही कुणाला.

आणि वाकताना, ती म्हणाली,
बाहेरचा थर ताणला जातो, आतला दबतो,
मधे कुठेतरी एक पातळी असते
जिला काहीच होत नाही.
नाजूक असेल ते आम्ही तिथे ठेवतो.

बसमध्ये मी आमच्या घराचे थर लावून पाहिले.
आई, मल-सुन, मी, हे-वोन.
ती पातळी सापडली नाही.
माझा थांबा मात्र गेला.

एक लाख त्रेचाळीस हजारांवर सात नंबरचा फोन मेला.
काळी रेघ, मग हिरवी, मग काही नाही.
सूक्ष्मदर्शकाखाली बिजागरीत निघाला
भाजलेला तीळ.
माझ्या डब्यातल्या किंबापचा,
बाहीच्या दुमडीत बसून आत आलेला.
अहवालात मी लिहिलं: कारण, तीळ. मालक, मी.
शी-उन पोट धरून हसली
आणि दोन महिन्यांनी बिजागरीत बारीक तंतूंचा झाडू बसवून आली,
दर उघडझापीला कचरा बाहेर लोटणारा.
मला खिजवायला त्याचं नाव ठेवलं तीळझाडू.
कागदोपत्री अर्थात आकडाच आहे.

पहिल्या खेपेतला एक, कर्मचारी सवलतीत,
मी हे-वोनला बुसानला पाठवला.
तीन वर्षं आमच्यात धड बोलणं नव्हतं.
नव्या लुगड्याची घडी मोडावी
तसा तिनं तो जपून उघडला असणार,
कारण फोन आला तो रात्री दोनला, माझ्या वेळेला.
अप्पा, ती म्हणाली
(आमच्यात बापाला अप्पाच म्हणतात),
अप्पा, मधे रेघ दिसते.

दिसणारच, मी म्हणालो.
उजेडात तिरकं धरलंस तर दिसणारच.
बोट फिरव, लागते का?
किंचित, ती म्हणाली.
मग दोघंही गप्प,
मागे बारा पंजे मिटत, उघडत.
हा कसला आवाज? तिनं विचारलं.
तुझ्या फोनची भावंडं, मी म्हणालो.

दिवसाला शंभरदा उघडला
तर दोन लाखांना साडेपाच वर्षं पुरतात.
माझ्यासाठी ती तो महिन्यातून एकदा उघडते.
त्या हिशेबानं
सोळा हजार वर्षं काळजी नाही.

सकाळी सहा दहाची बस.
घरी मल-सुन गादीची घडी घालत असते.
राहू दे, मी म्हणतो, मी आता झोपणारच आहे.
ती तरी घालते, कोपऱ्याला कोपरा लावून.
मी उलगडतो.