उलट्या हातानं

चुडाव्याच्या पुढे, रुळांखालून काढलेल्या चौकोनी बोगद्यात
भाद्रपदातलं पाणी तीन दिवसांपासून बसून होतं,
तलाठ्याची वाट पाहत बसल्यासारखं.

बॅटरी एकसष्ट टक्के.
शेजारी अण्णा, काळा गॉगल.
कालच नांदेडला डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं.
आठ दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही
हे डॉक्टरांनी मला सांगितलं,
त्यांना सांगून उपयोग नाही हे एका भेटीत ओळखून.

मी गाडी थांबवली.
हिचं थांबणं आणि चालू असणं
कानाला सारखंच.

शोरूमचा पोरगा म्हणाला होता,
मॅडम, सगळं सीलबंद आहे,
इंजिनच नाही तर पाणी पिणार कोण?
अण्णा सोफ्यावर पेढा खात होते.
एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला माणूस
सीलबंद या शब्दाला
पेढा जरा हळू चावतो.
घरी आल्यावर बॉनेट उघडून
त्यांनी ती जाड नारिंगी वायर पाहिली, विचारलं, किती व्होल्ट?
तीनशेवीस, मी म्हणाले.
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण टाकावं
तसं त्यांनी बॉनेट लावलं.

पलीकडे एक बुलेटवाला
प्लग काढून फुंकत बसला होता.

"काहून थांबलीस?"
"बघते किती आहे."
"गढूळ पाणी बघून कळत असतंय का, माय?"

चपला पायपुसणीवर जोडून ठेवल्या,
पँट दुमडली, छत्री घेतली, उतरले.
मी डोळा, डोळा म्हणत राहिले.
"डोळ्यानं चालत नाही मी."

माणिक टेकाळेचं नाव आमच्या घरात निघत नाही.
असाच पाऊस. लाइन बंद केलीय,
असं कुणीतरी फोनवर सांगितलेलं.
खाली टाचभर पाणी.
टाचभरच.
त्यानंतर ओल्या हातानं बटण दाबलं
की ओरडायचे ते अण्णाच, आई नाही,
आणि ओरडून झालं की
स्वतःच्या हाताकडे बघत बसायचे.

तो माणूस आता पाण्यात, छत्रीनं तळ टोचत,
आणि त्याच्या पाठीशी तीनशेवीस व्होल्ट
मुलीच्या पायाच्या अंगठ्याखाली.

घोटा.
पोटरी.
चार पावलं की मागे वळून बघत.
मला वाटलं भीती. नंतर कळलं,
गाडी येतेय की नाही हेच त्यांना ऐकू येत नव्हतं.
हॉर्न वाजवावा तर बोगद्यात तो अंगावर येईल.
मी काच खाली केली
आणि गाडीचा आवाज मीच झाले:
आले, अण्णा. आले. आले.

"किती राहिली?" त्यांनी न वळता विचारलं.
"साठ. तुमचं किती?"
"गुडघा."
"साठ."
"गुडघाच. डाव्या अंगाला खड्डा हाय, उजवीकडून घे,
लाट उठू देऊ नकोस."
दाराखाली पाणी घासत होतं,
कुणी झोपेत कूस बदलावी तसं.
डोक्यावरून मालगाडी गेली,
तेव्हा मी काय बोलत होते ते मलाही ऐकू आलं नाही,
पण ते वळले नाहीत. त्या तेवढ्या वेळात
एकदाही नाही.

चढावर आल्यावर मी ब्रेक दोन-तीनदा दाबून सुकवले.
ते गाडीजवळ आले.
दार उघडण्याआधी पत्र्याला हात लावला,
उलटा, बोटांच्या मागच्या बाजूनं,
लाइनमन लावतात तसा;
झटका बसलाच तर मूठ आवळू नये, हात सुटावा म्हणून.
क्षणभर तसाच.

मग तळवा फिरवला आणि टेकवला.

"तुपली गाडी गार हाय," म्हणाले,
आणि चपला भिजू नयेत म्हणून
पूर्णेपर्यंत पाय वर धरून बसले.