टाकीची शिट्टी

तेल भरताना टाकी शिट्टी वाजवते.
बाहेर बर्फात मी नळी धरून उभा, तळघरात टाकी;
आतली हवा निघते तोवर शिट्टी,
शिट्टी थांबली की टाकी भरली.
बावीस हिवाळे या सेंट जॉन नदीच्या काठाने
मी घरं ओळखतो ती शिट्टीवरून.
शाळेची दोन सुरांत. पाद्रीबाबांची घोगरी.
देल्फीन सिरची बारीक, जरा लांबलेली,
तापल्या दुधावर कुणी फुंकर घालावी तशी.

ऑक्टोबरात तिचा फोन आला नाही.
नोव्हेंबरात मीच गेलो.
ताकाला जाऊन भांडं लपवावं तसं
ती बोलली बटाट्याच्या भावाबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल,
आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहिली.
केवढीशी बाई ती, झाकून झाकणार किती?
लोखंडी घोडीवर, बर्फ चढला तरी बुडू नये इतक्या उंच
पांढरी पेटी. पंखा सावकाश फिरत होता.

मग स्वयंपाकघरात तिने वही काढली.
चौदा हजार आठशे, यंत्र आणि मजुरी.
जुनी फ्यूजची पेटी चालायची नाही, वायरमन म्हणाला,
तिचे एकोणीसशे, हे आधी कुणी बोललं नव्हतं.
अनुदान पाच हजार,
पण आधी भरा, मग मागा;
तीन अर्ज, त्यातला एक परत,
सही चुकीच्या चौकटीत म्हणून.
रेआलची स्नोमोबाइल बत्तीसशेला गेली.
गिऱ्हाइकाने पट्टा तपासला, दिवा तपासला,
सीटवरचा सिगारेटचा डाग नखाने खरवडून पाहिला.
"नाही निघत," ती म्हणाली, "वीस वर्षं मी तेच केलंय."
उरलेले साडेआठ हजार पतपेढीचे.
सात वर्षं, महिना एकशे वीस.
"फिटेल तेव्हा मी ब्याऐंशीची.
पतपेढीला माझ्या तब्येतीची माझ्याहून जास्त खात्री."

भोक पाडलं त्या दिवसाचं तिने दोनदा सांगितलं.
रेआलने उभी केलेली भिंत,
फळ्यांच्या मध्ये त्या सालची वर्तमानपत्रं कोंबलेली.
कोल्बी नावाचा पोरगा, कानामागे पेन्सिल,
मुठीएवढं भोक पाडत आरपार गेला
आणि भुशाबरोबर खाली पडला
एका बातमीचा गोल तुकडा, फ्रेंचमधला:
कुणाच्या तरी गाईला तिळी वासरं.
पुढचं काय झालं ते भिंतीत राहिलं.
तुकडा तिने फ्रिजवर लावलाय.

मी विचारलं, उणे पंचवीसला काय करणार हे?
बाहेर ऊब असते कुठे, आत आणायला?
"मीही हेच विचारलं," ती म्हणाली.
"कोल्बी म्हणतो, असते. अगदी थोडी.
गोळा करावी लागते."
आणि कोरडेच कप पुन्हा पुसायला लागली.

जानेवारीत खरी थंडी आली.
रात्री नदीचा बर्फ तडकायचा, बंदुकीसारखा.
तिसऱ्या रात्री फोन:
"पाव टाकी टाक. हरलेबिरले नाही मी.
फक्त राखून ठेवतेय."

गेलो तर पेटी वाफेत उभी,
स्वतःच्या अंगावरचं हिम वितळवत;
खाली साचलेला बर्फाचा ढेकूळ
कुणीतरी कुदळीने फोडलेला, अर्धाच.
आत एकसष्ट अंश. ती स्वेटरात, कोट खुंटीवर.
म्हणजे चाललं होतं.
मी नळी लावली. शिट्टी सुरू झाली,
तीच, बारीक, लांबलेली,
आणि ती थांबायच्या आत मला थांबवावी लागली.
पाव टाकीला शिट्टी पुरी होत नाही
हे बावीस वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

पावती दिली. दाराशी थोडा घुटमळलो.
माझ्या घरीही तळघर आहे, टाकी आहे,
आणि बिल मीच मला पाठवतो, सवलत वजा करून, तरीही.
"देल्फीन," मी म्हटलं,
"तो परत आलेला अर्ज...
सही नेमकी कुठल्या चौकटीत करायची असते?"